आंबील कुठल्या ओळींवर पडली?

दत्ता,

सोमवारी संध्याकाळी तुझा शब्द आपोआप बाद होणार होता, आणि तोही माझ्या आक्षेपामुळं.

तुझं तेरावं झालं नाही तोवर मी तुझ्याशी भांडायला बसले, असं कुणी म्हणलं तर म्हणू दे. आपण दुसरं केलं तरी काय इतकी वर्षं? परवा फोनवर एकजण म्हणाला, ‘फार शांत माणूस होता हो.’ शांत! मला आधी हसू आलं, आणि मग असं रडू फुटलं की फोन ठेवून द्यावा लागला. तू शांत नव्हतास. तू हेकट होतास, चिवट होतास, आणि सगळ्यांसमोर गप्प बसून नंतर मला एकटीला गाठून भांडणारा होतास. अशा माणसाला उलट उत्तरं द्यायची सवय लागते. तो उभ्या उभ्या निघून गेला की त्या उत्तरांचं करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

नियम तर आपण दोघांनीच लिहिला होता. सामायिक शब्दसंग्रहात नवा शब्द कुणीही सुचवावा. त्यावर कुणीही आक्षेप घ्यावा. मुदत संपेपर्यंत आक्षेपाला उत्तर आलं नाही तर शब्द बाद. किती स्वच्छ वाटला होता तेव्हा. चारही प्रयोगशाळांनी माना डोलावल्या. शब्द सुचवणारा माणूसच उरला नाही तर काय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी हातावर हात ठेवून नुसती बसले असते तरी जिंकले असते. आणि मला असं जिंकायचं नव्हतं रे. तुला समोर बसवून, तुझ्या तोंडून ‘बरं बाई, तुझं खरं’ ऐकून जिंकायचं होतं.

माझ्या घरच्यांना अजून कळत नाही की आपण नेमकं कशावरून भांडायचो. काल बाबांनी पुन्हा विचारलं. मी त्यांना सांगितलं, ज्वारीचं पाणी तोडलं की तिच्या पानातली कुठली जनुकं जागी होतात आणि कुठली गप्प होतात, ते चार ठिकाणचे लोक मोजतात. मोजतात सगळे नीट, पण त्या मोजमापावर नाव घालताना ज्याचा त्याचा कारभार. एक लिहितो ‘पाणी बंद’, दुसरा ‘कोरडा वाफा’, तिसरा ‘ताण दोन’. माणूस समजून घेतो, संगणकाला त्या तीन निराळ्या गोष्टी वाटतात. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवायचा, त्याची व्याख्या लिहायची, त्याला नंबर द्यायचा. मग चौघांचं मोजमाप एकत्र ठेवता येतं. बाबा म्हणाले, ‘म्हणजे आमच्यासारखंच की.’

आठवतं ना? तू पहिल्यांदा तुळजापूरला आमच्या घरी आलास तेव्हा बाबांनी तुला पाणी द्यायच्या आधी मूळ गाव विचारलं होतं. तू म्हणालास, बेंबळी. ‘ते आत्ताचं. त्याच्या आधी कुठलं?’ तू गडबडलास. बाबांनी मग तुला पुजाऱ्याचं गणित सांगितलं. दर्शनाला येणारं घराणं कुणाचं ते आडनावावरून ठरवायचं नाही. एका आडनावाची शंभर घरं निघतात. मूळ गाव विचारायचं, कुळ विचारायचं, तेव्हा कुठं माणूस आपल्या जागी बसतो. तू चहा थंड करून ऐकत बसलास. आणि परत जाताना जिन्यातच मला म्हणालास, ‘पुजारीणबाई, आपलं चुकतंय. आपण नावावरून भांडतोय. नावं ज्याची त्याला ठेवू द्या. आपण फक्त कुळ ठरवू.’ तिथून पुढं आपलं काम खरं मार्गी लागलं. हे श्रेय मी तुला कधी दिलं नाही. बाबांना दिलं. तुला चिडवायला, आणखी काय!

आणि मग ती येळवस आली.

पानं कापायची तारीख दुसऱ्या राज्यातल्या लोकांनी ठरवली होती. पाणी तोडल्यापासून सगळीकडं सारखे दिवस व्हायला पाहिजेत, त्यामुळं ती हलवता येत नव्हती. त्यांना काय माहीत की त्याच दिवशी आपल्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आहे, अख्खा जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातो, आणि धाराशिवच्या बाजारपेठेत कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी म्हणलं, त्यांना कळवू. तू म्हणालास, ‘कशाला? प्रयोग आमच्याच शेतात आहे. सकाळी पूजा, दुपारी कापणी. शेतातच तर असणार आहोत सगळे.’

मी पोचले तेव्हा पूजा आटपली होती. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, तुझे सगळे चुलते-मामे पंगतीला. मावशींनी, म्हणजे तुझ्या आईनं, मला भज्जी आणि उंडे वाढून वाढून बेजार केलं. आंबिलीचा तिसरा पेला मी नको म्हणत असतानाच ओतला. मग आपण पानं गोठवायची द्रव नायट्रोजनची टाकी घेऊन वाफ्यात उतरलो. तू पहिलं पान हातात घेतलंस आणि तसाच थांबलास. पानावर पांढरे ठिपके होते, वाळलेल्या पिठाचे.

‘आईनं चर शिंपलाय,’ तू म्हणालास.

चर म्हणजे येळवशीला पिकावर शिंपतात ती आंबील, हे मला कुणी सांगायला नको होतं. आपण एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही हसलो. कितीसा थेंब तो! टाकी उघडी होती, दिवस कलत होता, आणि तारीख दुसरी मिळणार नव्हती. ठिपके कुठल्या पानांवर आहेत ते न बघताच आपण भराभर पानं कापली.

हसणं बंद झालं ते आलेख आल्यावर. तहानलेल्या वाफ्यातल्या पानांत जनुकांचा एक अख्खा गट उसळला होता. बाकी तिन्ही प्रयोगशाळांत त्याचा मागमूस नव्हता. मी तर नाचायचीच बाकी होते. मी म्हणलं, ही आपल्या मातीतल्या ज्वारीची स्वतःची रीत आहे, दुष्काळाला तोंड द्यायची. त्यावर लेख लिहून पाठवला. पुढच्या टप्प्याचं काम, माझी जागा, सगळं त्या एका उसळीवर उभं होतं. तू आलेख बघितलास, बराच वेळ बघितलास, आणि म्हणालास, ‘मंजे, ही तहान नसंल. आंबील असंल.’

मला अजून त्या वाक्याचा राग येतो. ओलं आंबट पीठ पानावर पडलं तर पान त्याला काही तासांत उत्तर देणारच, हे मला काय कळत नव्हतं? पण वाफे दोन प्रकारचे होते. एका अंगाला पाणी दिलेले, दुसऱ्या अंगाला तोडलेले. चर दोन्हीकडं सारखा पडला असेल तर वजाबाकीत तो निघून जातो आणि माझी उसळी खरी ठरते. एकाच अंगाला पडला असेल तर माझी उसळी म्हणजे ताकातल्या पिठाची करामत. सगळं एवढ्या एकाच गोष्टीवर येऊन अडलं होतं की आंबील पडली कुठं.

आणि तू काय केलंस? ते न विचारता थेट शब्द सुचवलास. ‘पानांवर आंबील शिंपणे.’ त्या दिवशीच्या सगळ्या नमुन्यांवर हा शिक्का मारा म्हणालास. मी भर बैठकीत विचारलं, ‘जगभरातले लोक वापरणार त्या शब्दसंग्रहात तू आंबील घालणार आहेस?’ सगळे हसले. तू हसला नाहीस. म्हणालास, ‘जे झालं ते लिहायचं. हसण्यासारखं झालं असलं तरी लिहायचं.’

मी लेखी आक्षेप घेतला. शब्दाला हद्द नाही. किती पडली, कुठल्या ओळींवर पडली, काहीच नाही. असा शब्द आत घेतला तर तो कुठल्याही नमुन्याला चिकटवता येईल आणि चांगलं मोजमाप संशयानं सडेल. शिवाय एकदा शब्दाला नंबर पडला की तो कायमचा. चूक ठरला तरी ‘निवृत्त’ लिहून ठेवावा लागतो, पुसता येत नाही आणि त्याचा नंबर दुसऱ्या कुणाला देता येत नाही. म्हणून आधी कुठल्या ओळी ते सांग, मग बघू. हा आक्षेप बरोबर होता, दत्ता. तू गेलास म्हणून मी तो मागं घेणार नाही. मेलेल्या माणसाचं सगळंच बरोबर होतं म्हणायची आपल्याकडं खोड आहे. तुला ती कधीच आवडली नव्हती.

आक्षेपाचं उत्तर एकाच माणसाकडं होतं, तुझ्या आईकडं. तू त्याच घरात राहत होतास. तिच्या हातची भाकरी रोज खात होतास. एक प्रश्न विचारायचा होता तुला. मी फोन करायचे, तू म्हणायचास विचारतो. मी पुन्हा करायचे, तू म्हणायचास, घरात पाहुणे आहेत. नंतर म्हणायचास, आईचे गुडघे दुखतायत. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!

शेवटचा फोन तू नळदुर्गच्या ढाब्यावरून घेतलास. मागं ट्रकचे हॉर्न, कुणीतरी तंदूरवाल्याला हाका मारतंय.

‘विचारलंस का?’

‘विचारतो की.’

‘कधी? मुदत जवळ आलीय दत्ता. तुला भीती वाटते का माझं खरं निघेल म्हणून?’

‘तसं न्हाय ग.’

‘मग कसं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?’

एक ट्रक गेला. मग म्हणालास, ‘मंजे, जरा दम धर. सांगतो मी.’

‘दमच धरलाय वर्षभर,’ म्हणून मी फोन कापला. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकला नाही. बस, एवढंच. ह्याच्यावर कुठलीही फुंकर घालून ते बरं होत नाही, मी घालून बघितली.

काल मी बेंबळीला गेले. सांत्वनाला गेले असं घरी सांगितलं. खरं म्हणजे प्रश्न विचारायला गेले होते, आणि सबंध रस्ताभर स्वतःला शिव्या देत होते. जिचा लेक गेलाय तिच्यापुढं बसून आंबिलीचा हिशोब मागायचा, ही काय रीत झाली? पण नाही मागितला तर सोमवारी मी फुकटात जिंकणार होते. आणि ती उसळी पुढची कित्येक वर्षं कुणी खरी धरून चालेल, त्यावर आणखी कुणी इमले बांधेल. किंवा ती खरीच असेल, आणि मी उगीच कुढत राहीन. दोन्हीकडून जीव टांगणीला लागला होता.

मावशी ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी बसवलं. ‘जेवलीस का ग?’ पहिला प्रश्न हाच. नको नको म्हणताना तुझ्या वहिनीला चहा टाकायला लावला. मग त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही दोघी रडलो, नीट, मनसोक्त. डोळे पुसून झाल्यावर त्या तुझ्याबद्दल बोलायला लागल्या. शेतातल्या त्या वाफ्यांबद्दलच जास्त. ‘लई जीव लावलाता त्येनं त्या ज्वारीला. पोरापरीस जपायचा.’

मी प्रश्न जुळवला आणि तोंड उघडलं. मावशी, तुम्ही चर शिंपला तो... पुढचे शब्दच निघेनात. कारण पुढं काय येणार ते मला दिसत होतं. म्हातारी विचारणार, का ग, माझ्या हातून काय वाईट झालं का? तिच्या लेकाच्या वर्षाच्या मेहनतीवर तिनंच पीठ ओतलं, हे तिला कळणार. आणि तेव्हा मला कळलं, दत्ता, तू वर्षभर का विचारलं नाहीस. माझं खरं निघेल याची तुला मुळी फिकीरच नव्हती. तू शब्द सगळ्या जगापुढं मांडलास, माझी बोलणी खाल्लीस, हसं करून घेतलंस, पण आईला विचारलं नाहीस.

मग सांगायचं नाही का मला? मूर्खा, मी काय दगड होते? एक वाक्य. ‘मंजे, आईला वाईट वाटंल.’ एवढं एक वाक्य तुला बोलता आलं नाही? बेंबळीच्या ओसरीत तुझ्या आईचा हात हातात धरून मी तुझ्यावर मनातल्या मनात इतकी ओरडले की माझे कान गरम झाले.

चहा आला. मी कप खाली ठेवला आणि विचारलं.

‘मावशी, मागच्या येळवशीला तुम्ही चर शिंपला ना, दत्ताच्या वाफ्यात?’

‘शिंपला की. दर साली शिंपते. का ग?’

‘सगळ्या वाफ्यांवर?’

त्यांनी जरा आठवून बघितलं. ‘सगळ्यावर कसं? एका अंगाच्या वाफ्यास्नी पाणी व्हतं. हिरवंगार, टवटवीत. आन् दुसऱ्या अंगाचं बघवत न्हवतं बघ. पानं पार गुंडाळून गेलती. म्या दत्ताला इचारलं, आरं ह्यास्नी पाणी का देत न्हाईस? तर म्हणला, आई, त्यास्नी तहान लागू दी, त्याबिगर कळत न्हाय. म्हणलं, कसला मेला ह्यो अभ्यास! मंग म्या बिंदगीतली समदी आंबील त्या तहानलेल्यावरच शिंपली. पार खडखडीत केली बिंदगी. सणाच्या दिशी कुणी उपाशी ऱ्हातंय व्हय?’

तर असं होतं ते. एकाच अंगाला पडली होती. मी वर्षभर मिरवलेली उसळी, माझा लेख, पुढचा टप्पा, सगळं त्या रिकाम्या बिंदगीबरोबर गेलं. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

‘त्येनं काय बिघडलं का ग?’

आला तो प्रश्न. ज्याच्यासाठी तू वर्षभर थापा मारल्यास, तो माझ्या पदरात टाकून तू मोकळा झालास. मी ‘न्हाय हो मावशी, सहज विचारलं’ म्हणून उठू शकत होते. तसं म्हणून उठले असते तर सोमवारी शब्दही बाद झाला असता आणि आलेखही वाचला असता. मावशीसुद्धा सुखी. कुणाला कळणार होतं? ओसरीत आम्ही दोघीच होतो. आणि तुझं ते बैठकीतलं वाक्य होतं, हसण्यासारखं झालं असलं तरी लिहायचं.

‘बिघडलं काही न्हाय, मावशी,’ मी म्हणलं. ‘तुम्ही शिंपली ते लिहायचं राहिलंय तेवढं. लिहिलं की झालं.’

हे मी त्यांची समजूत काढायला बोलले नाही. बोलून गेल्यावर मलाच कळलं की खरं तेच आहे. शिंपल्यानं काही नासलं नव्हतं. न लिहिता तसंच पुढं रेटलं असतं तर नासलं असतं.

‘मंग लिव्ह की,’ मावशी म्हणाल्या. ‘त्यात काय एवढं? दत्तानं लिवलं न्हाय का?’

‘लिहिलं होतं त्यानं. एक गोष्ट तेवढी तुम्हाला विचारायची राहिली होती.’

‘मला?’ त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. ‘मंग इचारायचं की. घरातच तर व्हता.’

ह्याचं उत्तर असेल तर तुझ्याकडं असेल.

आज दुपारी मी माझ्याच आक्षेपाला उत्तर लिहिलं, तुझ्या वतीनं. कुठले वाफे, किती वेळ आधी, कशानं शिंपली, माहिती कुणी दिली. ‘क्षेत्रातील प्रत्यक्ष कृती करणारी व्यक्ती’ असं लिहायची आपली पद्धत आहे. मी तसं लिहिलं आणि कंसात मावशींचं नाव घातलं, पद्धत गेली खड्ड्यात. ‘पानांवर आंबील शिंपणे’ हा तुझा शब्द जसाच्या तसा ठेवला. वरचं कुळ मात्र मी ठरवलं, ‘पानांवर बाहेरून द्रव पडणे.’ उद्या दुसऱ्या कुणाच्या गावात दुसरं काही शिंपत असतील तर त्यांनाही जागा पाहिजे ना. हे तुला सुचलं नव्हतं. बघ, आक्षेपाचा उपयोग होतो.

व्याख्या लिहिताना मात्र अडले. ज्वारीचं पीठ, ताक, आंबवलेलं, पातळ, इथवर लिहून झालं. ‘उद्देश’ असा एक रकाना आहे, त्यात काय लिहायचं कळेना. खत? औषध? पाणी? शेवटी मावशी म्हणाल्या तेच लिहिलं: सणाच्या दिवशी पीक उपाशी राहू नये म्हणून. बैठकीत सगळे हसतील. हसू दे. मी हसणार नाही.

त्या दिवशीचे सगळे नमुने स्वच्छ दुष्काळाच्या ढिगातून मी काढून घेतले आणि तुझ्या शब्दाखाली ठेवले. आलेख पुन्हा काढला. उसळी गेली. उरली ती बाकी तिघांची रेघ, सपाट. माझं पुढं काय होईल ते माहीत नाही. लेख तर मी मागं घेतलाच.

सगळ्यात खाली एक चौकोन असतो, तूच घालायला लावलेला. ‘उत्तरानं आक्षेप घेणाऱ्याचं समाधान झालं का?’ हो किंवा नाही. तिथं खूण केल्याशिवाय शब्दाला नंबर पडत नाही. मी ‘हो’वर खूण केली. लगेच नंबर पडला. आता तो तुझा, कुणाला पुसता यायचा नाही.

पण तुला खरं सांगते, दत्ता. समाधान झालेलं नाही. उत्तर बरोबर आहे, पुरेसं आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त ते मला तुझ्याकडून पाहिजे होतं.